जीपपासून मोबाईलपर्यंत : खेड्यातील आरोग्याची वाट



खेड्यातला सर्वांत जुना रोग कोणता, असे कुणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? कुणी हिवताप म्हणेल, कुणी क्षय म्हणेल, कुणी बाळंतपणातल्या रक्तस्रावाचे नाव घेईल. मला विचाराल तर सर्वांत जुना रोग म्हणजे अंतर. डॉक्टर आहे, पण तो तालुक्याला. औषध आहे, पण ते नगरला. आणि रोगी आहे तो वस्तीवर, ओढ्यापलीकडे. पोराला फणफणून ताप भरलेला असतो, आणि बाप हिशेब करीत असतो, की आजचा रोज बुडवून जावे, का रात्र काढून पाहावी. पुष्कळ रोगी रोगाने दगावले नाहीत. या हिशेबाने दगावले.

आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तो क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. सुमारे १७,००० चौरस किलोमीटर मुलूख आणि १४ तालुके. एका टोकाला अकोल्याचे डोंगर, जिथे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर उभे आहे. दुसऱ्या टोकाला जामखेड, जिथे पावसाची वाट पाहण्यात अर्धा पावसाळा जातो. एवढ्या मुलखात डॉक्टर आणि रोगी यांची गाठ घालून देणे हा मोठाच प्रश्न.

हे अंतर तोडायला आता मोबाईल फोन आला आहे. त्यातले जे निरनिराळे कार्यक्रम असतात त्यांना आपण ॲप म्हणतो. आशाताईंच्या हातात ॲप आहे, अंगणवाडीच्या बाईंच्या हातात आहे, उपकेंद्रात आहे आणि तुमच्या-आमच्या खिशातही आहे. त्याने रोग्याचे भले होते का? होते तर केव्हा होते, आणि केव्हा होत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे जाऊ या. कारण दुरून आलेले साधन आपल्या जिल्ह्याने काही पहिल्यांदाच पाहिलेले नाही.

पहिली गोष्ट रेडिओचीच सांगतो. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. नगरसह पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. गावोगावी श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन दिवस अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. शेतीविषयी, आरोग्याविषयी, गावच्या कारभाराविषयी. मंडळी रेडिओभोवती बसून ऐकत. पण खरी गंमत पुढेच आहे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि माणसे बोलू लागायची. हे आपल्या गावात जमेल का? कोण करील? काय अडचण येईल? चर्चा झाली की चिटणीस तिचा वृत्तांत लिहून पुण्याला धाडी, शंका विचारी, आणि त्या शंकांची उत्तरे पुन्हा रेडिओवरून मिळत.

पॉल न्यूरथ नावाच्या अभ्यासकाने या प्रयोगाची तपासणी केली. त्यात जे आढळले ते आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जिथे मंडळे होती त्या गावांत लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली. जिथे मंडळ नव्हते, तिथे रेडिओ असूनही फारसा फरक पडला नाही. यंत्र तेच, आवाज तोच. पण एका ठिकाणी यंत्राभोवती माणसे बसली होती आणि आपले म्हणणे परत पाठवीत होती. हा धागा मनात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट देवीच्या रोगाची. आज शाळेत बसलेल्या मुलांनी देवीचे व्रण पाहिले असतील तर ते पणजोबांच्या चेहऱ्यावर. हा रोग आपल्या देशातून गेला तो केवळ लस टोचून नव्हे. १९७३ पासून देशभर घरोघर शोध सुरू झाला. शोधावर निघालेल्या माणसाच्या हातात एक साधे कार्ड असे. त्यावर देवी आलेल्या मुलाचे छायाचित्र. ते दाखवून तो बाजारात, चावडीवर आणि शाळेत विचारी, "असा रोगी कुठे पाहिलात का?" शाळेतली पोरे पुष्कळदा मोठ्यांआधी सांगत. रोगी दाखवील त्याला बक्षीस होते. पुढे पुढे ते १,००० रुपयांपर्यंत गेले. बातमी लागली की पथक त्या गावी जाई आणि रोग्याच्या आजूबाजूच्या सर्वांना लस टोची. १९७५ साली भारतातला देवीचा अखेरचा रोगी नोंदला गेला.

ते कार्ड म्हणजे त्या काळचे ॲपच म्हणा ना! त्याला वीज नको, रेंज नको, अक्षरओळखही नको. पण कार्ड दाखवून बातमी लागली आणि पथक आलेच नाही, असे झाले असते तर? तर त्या कार्डाची किंमत कागदाच्या तुकड्याइतकीच राहिली असती.

आता येतो जामखेडला. डॉ. रजनीकांत आरोळे हे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म पारनेर तालुक्यातल्या सुप्याचा. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरला वैद्यकीचे शिक्षण घेतले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या रुग्णालयात काम केले, आणि पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे राहिले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण १९७० साली दोघे जामखेडला आले आणि त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाची होण्याआधीच जात. म्हणजे दर सहा पाळण्यांतला एक पाळणा रिकामा होई.

त्यांचा पहिला बेत असा होता की शिकलेल्या परिचारिकांनी गावात जाऊन राहावे. तो बेत फसला. परक्या गावात एकट्या तरुण मुलीने राहायचे कसे, आणि गावाने तिचे ऐकायचे का? तेव्हा गावकऱ्यांच्याच बोलण्यातून निराळी कल्पना पुढे आली. गावातलीच एक बाई निवडावी, तिला शिकवावे आणि तिनेच गाव सांभाळावे. निवडलेल्या बायकांतल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. काही जणी दलित होत्या, काही विधवा, काही टाकलेल्या. एरवी गावाने त्यांचा शब्द कधी मोजला नव्हता. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र बसत, एकत्र जेवत. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाईची जोखीम कशी ओळखावी, लसीची आठवण कशी द्यावी, हे सारे त्या शिकत आणि गावी जाऊन करीत.

आणि त्यांच्या पाठीशी काय होते? एक जीप. जामखेडहून परिचारिका आणि डॉक्टर यांचे फिरते पथक गावोगावी येई. मोबाईल या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी फिरते. तेव्हा आरोग्याच्या कामातला मोबाईल म्हणजे ती जीप. गावातल्या बाईला जे जमत नसे ते ती पथकाला दाखवी. पथकाला जमत नसे तो रोगी जामखेडच्या रुग्णालयात जाई. आणि बरा होऊन गावी परतला की पुन्हा त्या बाईच्याच नजरेखाली येई. वाट दोन्ही बाजूंनी चालू होती. चूक झाली तर पुढच्या आठवड्यात दुरुस्त होई. तिच्या मनातली शंका मनातच कुजत नसे.

याचे फळ काय मिळाले? बालमृत्यूचे ते १७६ चे प्रमाण पुढच्या काळात तिसाच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या गावांतल्या एक आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहात झुंबरे लखलखत होती. डॉक्टर हे या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महागडे आणि हाताला न लागणारे, अशा आशयाचे काही बोलून त्यांनी साध्या वातीचा दिवा काढला आणि त्या दिव्यावर दुसरा दिवा लावून दाखविला. झुंबराला हे करता येत नाही, हे कुणाला वेगळे सांगावे लागले नाही. पुढे २००५ साली देशभर आशा कार्यकर्तीची योजना सुरू झाली, तिच्यामागे जामखेडसारख्या ठिकाणच्या अनुभवाचे बळ होते.

मंडळी, आता आजच्या मोबाईलकडे येऊ या. गोष्ट तीच आहे. फक्त जीपच्या जागी लहरी आल्या आहेत.

आधी फायदे सांगतो, आणि मोकळ्या मनाने सांगतो. ई-संजीवनी नावाची सरकारी सेवा २०१९ साली सुरू झाली आणि कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून, घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून देशात १० कोटी सल्ले दिले गेले होते. समजा, डोंगरातल्या एका उपकेंद्रात एक म्हातारी आली. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तिचा रक्तदाब मोजतात, फोनवर दूरच्या डॉक्टरांना जोडून देतात, डॉक्टर तिच्याशी बोलतात, आणि औषधाची चिठ्ठी तिथल्या तिथे उतरते. म्हातारीचे गाडीभाडे वाचले आणि तिला घेऊन जाणाऱ्या लेकाचा रोज वाचला. मघाशी बापाचा जो हिशेब सांगितला, त्या हिशेबातली मोठी रक्कम इथे कमी झाली.

क्षयरोगाचे पाहा. औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत रोग्याला बरे वाटू लागते आणि तो गोळ्या सोडतो. मग रोग उलटतो आणि औषधालाही दाद देत नाही. यावर आपल्या देशात एक नामी युक्ती निघाली, तिचे नाव ९९डॉट्स. गोळ्यांचे पाकीट असे करायचे की गोळी बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसावा. रोग्याने त्या नंबरावर फुकटचा फोन लावायचा, की आज गोळी घेतल्याची नोंद झाली. साधा बटणांचा फोनही चालतो. फोन आला नाही तर आरोग्य कर्मचाऱ्याला कळते की या घराकडे जायला हवे. गरोदर बायांसाठीही अशी सोय आहे. किलकारी या सरकारी सेवेत चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत ७२ आठवड्यांचे ७२ बोलके निरोप फोनवर येतात. वाचता येण्याची गरज नाही. कान असला म्हणजे झाले. रेडिओवाल्यांना ही युक्ती आवडणारच!

आता दुसरी बाजू. ९९डॉट्सच्या फोनवरून एवढेच कळते की गोळी पाकिटातून बाहेर आली. ती पोटात गेली का कोनाड्यात, हे फोनला कळत नाही. ते कळते दाराशी येऊन "दादा, गोळीनं मळमळतं का?" असे विचारणाऱ्या बाईला. ई-संजीवनीवरच्या डॉक्टरांना चेहरा दिसतो, पण पोट दाबून पाहता येत नाही. आणि चिठ्ठी उतरली तरी ते औषध उपकेंद्राच्या कपाटात नसेल, तर म्हातारीला तालुक्याची वाट चुकली नाहीच.

तिसरी अडचण, फोन कुणाचा? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा फोन होता. उरलेल्यांचा फोन नवऱ्याच्या खिशात नाही तर दिराच्या हातात. गरोदर बाईसाठी आलेला निरोप शेतावर गेलेल्या नवऱ्याच्या खिशात वाजला, तर तो तिच्या काय कामाचा? शिवाय डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर चढावे लागते, ते निराळेच.

चौथी अडचण मात्र सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती बोलून दाखविली ती आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतात, बंद पडतात, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो, आणि पोषणाची नोंद करण्याच्या ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या बाईने गावातल्या प्रत्येक पोराचे वजन मराठीत लिहून ठेवले, तिने तेच परक्या भाषेत बोटाने टिपायचे! काही जण म्हणाले, बायकांना नवे यंत्र नको आहे. मला तसे वाटत नाही. लिहिता न येणाऱ्या बायकांनी जामखेडात रोगनिदान शिकून दाखविले, तिथे शिकलेल्या बायकांना फोनचे ओझे का व्हावे? ओझे होते ते साधन आपल्या उपयोगाचे न राहता केवळ आपल्यावर देखरेख करणारे झाले की. तीच माहिती वहीत लिहायची आणि तीच ॲपमध्ये भरायची. वेळ दोन्हींकडे जातो, आणि तो जातो रोग्याच्या वाट्याचा.

श्रोतेहो, इथे मघाचा धागा परत हाती घेऊ या. रेडिओच्या मंडळातून प्रश्न पुण्याला जाई आणि उत्तर गावाला येई. देवीच्या कार्डावरून बातमी वर जाई आणि पथक खाली येई. जामखेडच्या बाईची शंका पथकापर्यंत जाई आणि इलाज तिच्या हाती येई. आजच्या ॲपला आपण हाच एक प्रश्न विचारायचा. नोंद वर गेली. उपाय खाली आला का? अमुक मुलाचे वजन घटले असे फोनने कळविले; मग त्या मुलाच्या ताटात काही वाढले का? अमुक बाईचे रक्त कमी आहे अशी नोंद झाली. मग गोळ्या तिच्या घरी पोचल्या का? उत्तर होय असेल, तर ते ॲप म्हणजे जामखेडच्या जीपचे नातवंड. उत्तर नाही असेल, तर ते जुनेच कागदी घोडे. फक्त आता ते तारेवाचून धावतात, एवढेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. खेड्यात नवे यंत्र आले की लोक अजूनही शाळेकडे पाहतात. तेव्हा काही गोष्टी मुलांकरवी घरोघर पोचवा.

पहिली गोष्ट, जिवाची घाई असेल तेव्हा ॲप उघडीत बसू नये. साप चावला, बाळंतिणीला रक्त जाऊ लागले, छातीत कळ आली, तर १०८ हा नंबर फिरवावा. रुग्णवाहिकेची ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला साधा फोन पुरतो. मन खचले, झोप उडाली, जगणे नकोसे झाले, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. २०२२ पासून तिथे फोनवर आधार मिळतो. हे दोन्ही नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

दुसरी गोष्ट, रोग ही माणसाची खासगी बाब आहे. आरोग्याचे खाते काढायला हवे म्हणून कुणी नंबर मागितला, फोनवर आलेले आकडे विचारले, तर विचारणारा कोण आहे हे आधी पाहावे. २०२१ सालापासून देशभर दिल्या जाणाऱ्या आभा या आरोग्य खात्याचा नंबर १४ आकडी असतो. त्यातली माहिती आपल्या संमतीने दाखवायची असते. संमती म्हणजे न वाचता दाबलेले बटण नव्हे. गावात क्षयाच्या रोग्याचे नाव फुटले तर त्याच्या मुलीचे लग्न अडते, हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. ॲप बनविणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट, जाहिरात करून साखर, सांधे आणि वंध्यत्व एका गोळीने बरे करू म्हणणारी ॲपे फोनवर पुष्कळ मिळतात. पी हळद आणि हो गोरी, असे होत नसते. असे काही दिसले तर पैसे भरण्याआधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

आणि चौथी गोष्ट गावासाठी. १९५६ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी रेडिओभोवती मंडळ केले, तसे फोनभोवती करायला काय हरकत आहे? महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या ओट्यावर बसावे. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, आरोग्य अधिकारी, शिक्षक आणि चार बायाबापड्या. कुणाचे नाव न घेता एवढेच पाहावे, की या महिन्यात गावातून किती नोंदी वर गेल्या आणि किती कामे खाली आली. जे आले नाही त्याचा कागद करावा, ग्रामसभेपुढे ठेवावा, तालुक्याला धाडावा आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. आशाताईंच्या फोनला रेंज नसेल, तिला आकडे दोनदा भरावे लागत असतील, तर तेही त्याच कागदावर लिहावे. ती तिची एकटीची तक्रार नव्हे, गावाची आहे.

उद्या याहून हुशार यंत्रे येतील. फोन खोकल्याच्या आवाजावरून रोग सांगू लागेल, तशी खटपट आजच चालू आहे. त्यांचे स्वागत करावे. पण यंत्र दारात आले म्हणजे उंबऱ्याच्या आत रोग्याच्या उशाशी बसायला कोण आहे, हे आधी पाहावे. जामखेडने आपल्याला शिकविले ते हेच. अंतर रस्त्याने तुटते, जीपने तुटते, फोनानेही तुटते. पण शेवटची चार पावले माणसालाच चालावी लागतात. ती चालणारी बाई आपल्या गावात आहे. तिला चांगला फोन द्या, तिच्या भाषेत द्या, आणि तिने हाक दिली की ओ द्यायला पलीकडे कुणीतरी बसलेले असेल, याची काळजी घ्या.